ठोकळ्यांचा क्रम

मेंदूच्या तापातून उठल्यावर नवऱ्याला पुन्हा क्रेनवर चढायचं होतं. त्यासाठी त्याची बुद्धी शाबूत आहे असा शेरा लागत होता, आणि हे क्रेनवर बघायचं नव्हतं. ते बघायचं कारखान्यातल्या एका बंद खोलीत, टेबलावर, लाल-पांढऱ्या ठोकळ्यांवर. असे नियम करणारे ते पंख्याखाली बसून करतात. हुकाखाली दुसरे उभे असतात.

हुकाखाली त्याचा मेव्हणा, बायकोचा भाऊ, असायचा. नवरा वर केबिनमध्ये, मेव्हणा खाली हाताने इशारे देणारा. मधे टांगलेली पत्र्याची गुंडाळी, एका घराइतकी जड.

पहिल्या तपासणीत नवरा आपटला. एकटा घाबरतो म्हणून बायकोला कोपऱ्यात बसू दिलं होतं. तपासणारी बाई एकेक कार्ड दाखवायची आणि त्यावरची नक्षी ठोकळ्यांनी जुळवायला सांगायची. नवरा ठोकळा हातात धरून तसाच बसला. बायको शिवणाच्या कारखान्यात कापड कापायची. एकदा पाहिलेला तुकडा तिच्या डोळ्यांतून जात नसे. सगळी कार्डं ती डोक्यात घेऊन घरी आली, ओळीने.

नवऱ्याला गोदामात हातमोजे वाटायला बसवलं. आधी त्याला सगळे 'वरचे साहेब' म्हणत. अजूनही म्हणत, पण आता हसून. माणसं आजाऱ्याला बघायला फळं घेऊन येतात आणि जाताना असं काहीतरी ठेवून जातात.

बायकोने लाकडाचे तुकडे रंगवून ठोकळे केले, डोक्यातली कार्डं त्याच ओळीने कागदावर काढली आणि संध्याकाळी टेबलावर शाळा भरवली.

"हे काय पोरखेळ!" नवरा म्हणाला.

"पोरखेळातच नापास झालात. लाल बाजू वर घ्या."

"तू मास्तरीण झालीस की काय?"

"झाले. हात पुढे करा आता."

हळूहळू त्याचा हात वळायला लागला. मग धावायला लागला. पहिली नक्षी, दुसरी, तिसरी, धडाधड. कपाळावरची आठी गेली. तो दाढी वेळेवर करू लागला, बायकोची चेष्टा करू लागला. तिला वाटलं, माणूस परत आला.

एका रविवारी मेव्हणा जेवायला आला. जेवण झाल्यावर गंमत म्हणून त्याने टेबलापलीकडून हाताने इशारा केला: खाली घ्या. नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला होता, तो ऐटीत खाली आणायला सुरुवात केली. मेव्हण्याने मूठ वळली. मूठ म्हणजे थांबा. पेला खाली येतच राहिला. पेल्याखाली मेव्हण्याचा दुसरा हात होता.

"दाजी, माझी बोटं!"

सगळे हसले. नवरा सगळ्यांत जास्त हसला. "अरे, मुद्दाम केलं!"

मेव्हणा बोटं चोळत बहिणीकडे बघत राहिला. जाताना दारात हळूच म्हणाला, "ताई, मुद्दाम नव्हतं ते."

"हेही शिकवीन मी त्यांना."

"शिकव. पण वर रोज नवंच काहीतरी होतं. ते कुठून शिकवशील?"

ती चिडली. "तुला तुझ्या जिवाची पडलीय," म्हणाली.

"पडलीय ना," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या तपासणीला नवरा नवा शर्ट घालून गेला. बाईने कार्ड ठेवायचा अवकाश, त्याची नक्षी तयार. एक चूक नाही. बाईचा चेहरा फुलला. "आजारात बुद्धी झाकोळली होती, ती परत आली," ती म्हणाली आणि पेन उचललं. "मी तुम्हाला वर पाठवायची शिफारस करते."

नवरा बायकोकडे बघून हसला. लग्नातल्या फोटोत हसला होता तसं. ती गप्प बसली असती तर कुणाचं काय गेलं असतं? कुणाचं, ते तिला चांगलं माहीत होतं.

"बाई, मी त्यांच्याकडून सराव करून घेतलाय," ती म्हणाली.

"चालायचंच. सरावाने थोडाफार फरक पडतो. एवढा पडत नाही."

"मग जरा शेवटचं कार्ड आधी द्या."

"क्रम ठरलेला असतो हो."

"तपासणी झाली ना? आता सहज म्हणून द्या."

बाईने हसत शेवटचं कार्ड पुढे ठेवलं. नवऱ्याने कार्डाकडे पाहिलं आणि हात चालवले. झपाझप, सफाईने, आत्मविश्वासाने त्याने पहिल्या कार्डावरची नक्षी जुळवली.

"झालं," तो म्हणाला.

बाईने कार्ड त्याच्याकडे सरकवलं. "सारखं आहे का, बघा बरं."

त्याने कार्ड पाहिलं, ठोकळे पाहिले. "हो. सारखंच." मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा कार्डाकडे. काहीतरी चुकलंय एवढं त्याला कळलं. काय, ते कळेना. त्याने एक ठोकळा फिरवला, पुन्हा होता तसा केला.

बाईने लिहिलेली ओळ खोडली. तिला बिचारीला वाईट वाटलं. वाईट वाटायला काही लागत नाही.

बाहेर मेव्हणा भिंतीला टेकून उभा होता.

"हिने पाडलं मला," नवरा म्हणाला. "तू खाली उभा असणार म्हणून. भावासाठी नवऱ्याला पाडलं."

"दाजी, मी नसतो तर दुसरा कुणी उभा असता."

"मग दुसऱ्यासाठी हिने तोंड उघडलं असतं का?"

मेव्हण्याने बहिणीकडे पाहिलं. ती खोटं बोलू शकली असती. त्या क्षणी सगळ्यांना तेच हवं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

नवऱ्याने मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं, आणि गोदामाकडे चालू लागला. वळणावर तो थांबला. डावीकडे की उजवीकडे, ते त्याला आठवेना. बायको पुढे झाली आणि त्याच्या बाजूने चालायला लागली. त्याने तिला नको म्हटलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.