कव्हर आपोआप आवळत नाही

सकाळी अंघोळ झाली की ढब्बूचं खरं काम सुरू व्हायचं. पोटाची घडी उचलायची, खालून पुसायचं, कोरडं करायचं, मलम लावायचं, मऊ सुती फडकं सारायचं. मग दंड, मग मांड्या. शेवटी सगळं गोळा करून रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्यात कोंबायचं आणि वरून शर्ट चढवायचा. एवढं झालं की आरशात एक सडपातळ बाई दिसायची. त्या बाईचा ढब्बूला भयंकर राग यायचा, कारण सगळं जग तिच्याशीच बोलायचं.

"अगं बाई, ओळखूच येत नाहीस! मजा आहे तुझी!"

मजा कसली, डोंबल! मन मारून, रडत-कुढत, गुडघे चोळत तिनं निम्मं अंग उतरवलं होतं. चरबी गेली. कातडी कुठे जाणार? ती राहिली लोंबत. घामानं घड्यांच्या आतलं कातडं सोलवटायचं, पाणी सुटायचं, वास यायचा. आणि हे कुणाला सांगायला जावं, तर उपाय तयार. तेल लाव. पाणी पी. व्यायाम वाढव. धीर धर, आपोआप आवळेल. सल्ले द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं!

सल्ले देणाऱ्यांत सगळ्यांत पुढे कोण, तर सख्खी मोठी बहीण. दोघींचं मिळून दुकान होतं. जुने सोफे, खुर्च्या उसवायच्या, नव्यानं भरायच्या, वर कापड चढवायचं. ताई मापं घ्यायची आणि कापायची, ढब्बू शिवायची. ढब्बू हे नावही ताईचंच देणं. पार लहानपणी ठेवलेलं, आणि माणूस अर्धं झालं तरी तिच्या तोंडातून सुटलं नव्हतं. "आमची ढब्बू आता काडी झाली," असं गिऱ्हाइकांना सांगून ती स्वतःच हसायची.

घड्या बघितल्या-बघितल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हे तेलाबिलानं जाणारं नाही. कापूनच काढावं लागेल." ढब्बूला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं होतं. कुणीतरी एकदा खरं बोललं होतं! सोमवारची तारीख मिळाली. अट एकच: नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही आणि घरचं कुणीतरी सोबत पाहिजे. घरचं म्हणजे ताई. आई-बाबा दोघंही गेलेले, दुसरं होतं कोण? दवाखान्यात फोन नंबरसुद्धा ताईचाच दिला.

"कसले गं हे नखरे!" ताई म्हणाली होती. "बारीक झालीस, आता सुंदर पण व्हायचंय? धडधाकट अंगाला सुरी लावून घ्यायची!"

"धडधाकट?"

"मग काय? कपड्याच्या आत आहे. कोण बघतंय?"

पण येत नाही, असं काही ती म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही म्हणजे आलीच, असं ढब्बू धरून चालली. तिथेच तिचं चुकलं.

शुक्रवारी दुपारी एक निवृत्त शिक्षिका खुर्ची घेऊन आल्या. ऐसपैस, हातांची खुर्ची. दुसऱ्या कुठल्यातरी दुकानानं आतला जुना जाड फोम काढून पातळ घातला होता आणि वर तेच जुनं कव्हर तसंच चढवलं होतं. सगळीकडे कापडाच्या झोळ्या पडल्या होत्या.

"ते म्हणाले, बसून बसून आपोआप आवळेल," बाई बिचाऱ्या म्हणाल्या.

ताई पोट धरधरून हसली. "आपोआप? अहो, कापड काय जादूचं आहे? एकदा ताणलं ते ताणलं! आतला माल कमी केला की कव्हर कापायचं आणि पुन्हा शिवायचं, यात दुसरं काही नसतंच. कुणी सांगितलं हो तुम्हाला? चांगलंच गंडवलं की!" बोलता बोलता तिनं सैल कापड चिमटीत धरलं, टाचण्या टोचल्या, खडूनं रेघ ओढली. हातांना सवयच तशी पडलेली तिच्या, सैल दिसलं की चिमटी जायचीच.

मशीनवर बसलेल्या ढब्बूची तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं गिळलं. सोमवारपर्यंतच तर काढायचं होतं. सोबत काय काय आणायचं ते विचारायला तिनं मागच्या खोलीत जाऊन दवाखान्यात फोन लावला.

"तुमचं तर रद्द झालंय," पलीकडची मुलगी म्हणाली. "आठवण करून द्यायला फोन केला होता ना आम्ही, तुमच्या बहिणीनंच सांगितलं, ती येत नाही म्हणून. तुमची वेळ दुसऱ्यांना गेली."

ढब्बू बाहेर आली तेव्हा शिक्षिकाबाई पायऱ्या उतरत होत्या. तिनं त्यांना जाऊ दिलं आणि दुकानाचं शटर धाडकन खाली ओढलं.

"अगं, हे काय?"

"तू रद्द केलंस?"

ताईला लगेच कळलं. तिनं खडू खाली ठेवला. "त्यांचा फोन आला होता. तुझ्या भल्यासाठीच—"

"माझ्या भल्याचं नावच काढू नकोस! मला न विचारता? मला न सांगता? मशीनच्या पलीकडे बसले होते ना मी, तोंड शिवलं होतं तुझं?"

"बाबा असेच गेले ना गं ऑपरेशनला!" ताई एकदम ओरडली. "चालत गेले आणि आले कसे? मला भीती वाटते!"

"मग भीती वाटते म्हणायचं होतंस! नखरे काय म्हणालीस? कोण बघतंय काय म्हणालीस?" ढब्बूचा आवाज फाटला. तिनं शर्ट ओढून वर केला, पट्ट्याचे हूक तडातड सोडले आणि तो जमिनीवर फेकला. पोट घसरून मांड्यांवर आलं. "बघ. तू कधी बघितलंयस? एकदा तरी? घडी उचल."

ताई जागची हलली नाही. मग तिचा हात पुढे आला आणि चिमटी आपोआप पडली, सैल कव्हर धरावं तशी. घडी उचलली गेली. खाली लालभडक सोललेलं होतं, फडकं ओलं होऊन चिकटलेलं होतं. वास आला. ताईचं तोंड कसंनुसं झालं.

"कापून टाकायला हवं गं हे," तिच्या तोंडातून निघून गेलं.

"त्या खुर्चीला बघितल्याबरोबर सांगितलंस!" ढब्बू म्हणाली. आता ती रडत होती आणि त्याचाही तिला संताप येत होता. "ती खुर्ची आहे, ताई. लाकूड आहे. तिच्यासाठी जीव तुटला तुझा. मी काही खुर्ची नाही, पण खुर्चीइतकी तरी माझी किंमत करायचीस!"

ताईनं दवाखान्याला फोन लावला. माझीच चूक झाली म्हणाली, हातापाया पडते म्हणाली, सोबत मी राहीन म्हणाली. पलीकडून उत्तर आलं ते ढब्बूलाही ऐकू गेलं. पुढची तारीख थेट उन्हाळा संपल्यावर. म्हणजे सगळा उन्हाळा, सगळा घाम, त्याच घड्या.

"माफ कर गं मला," ताई म्हणाली.

"नाही करत."

मग ढब्बूनं खणातून मलमाची नळी आणि धुतलेलं फडकं काढलं आणि कापायच्या टेबलावर, खडूशेजारी ठेवलं.

"तारीख येईपर्यंत रोज तू करायचंस हे. सकाळी आणि दुपारी. घडी उचलायची, पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं, मग मलम. मी स्वतः हात लावणार नाही. आणि नाक मुरडायचं नाही."

ताईनं हात धुतले. खाली गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी घडी उचलली.

"हळू," ढब्बू खेकसली. "तिथे दुखतं."

"कुठे गं, ढब—" ताई म्हणायला गेली आणि थांबली. तिनं बहिणीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली आणि पुन्हा विचारलं, "कुठे दुखतं?"