दोऱ्याच्या मिरच्या

"अक्का, ही ओळ कोणी केली?"

"मीच केली. का गं? नजर लावून राह्यली का?"

नजर लागावी अशीच ओळ होती. टेंभुर्णीच्या शिवारातल्या आमच्या शेडनेटमध्ये बियाण्याची मिरची आहे. संध्याकाळी कळी उघडून आतले परागाचे तुरे चिमट्यानं काढायचे, सकाळी दुसऱ्या, नर वाणाच्या फुलाची पूड लावायची आणि मगच देठाला लाल दोरा बांधायचा. दोऱ्याची मिरची बियाण्याला, बिनदोऱ्याची उकिरड्यावर. असं हातानं केलेलं बरंचसं गळून जातं, मिरचीचा स्वभावच तो. पण या ओळीत एकही दोरा रिकामा नव्हता. प्रत्येकाखाली गुबगुबीत मिरची. म्हणजे तुरे न काढताच दोरे बांधले असावेत, अन् फुलं आपल्याच परागावर धरली असावीत.

हे काम मला वंदनाअक्कांनीच शिकवलं. माझी थोरली जाऊ. मी चिमटा आडवा धरला की हातावर चापट मारायच्या. "कळीला दुखलं न्हाई पाह्यजे, बये!" त्यांच्यासारखा हात आसपासच्या गावांत कुणाचा नाही, हे मी भांडण चालू असतानाही कबूल करीन, आणि आमची भांडणं काही कमी नाहीत.

मग त्यांचा मुलगा कल्याण पुण्याला कंपनीत लागला. जाताना मोठा फोन देऊन गेला. "आई, रोज तोंड दाखवत जा." सुरुवातीला त्यानं जेवणाचं ताट दाखवलं तरी अक्का शेडनेटभर सांगत फिरायच्या. हळूहळू त्याच फोनवर दुसरी तोंडं येऊ लागली. नाचणारी, रडणारी, कुठल्या कोण बाईच्या बाळंतपणाची. फोन पिशवीतून हातात आला आणि हातातच राहिला.

"अक्का, भाकर करपली."

"करपू दे. हिचा नवरा परत येतो का पाहू दे आधी."

आम्ही हसायचो. दारू पिणारा माणूस लांबून ओळखू येतो. हे कसं ओळखायचं, कुणाला ठाऊक?

आता मी ओळीकडे बोट केलं. "अक्का, या कळ्यांना चिमटा लावला होता ना?"

"लावला असंल की."

"असंल?"

त्या पुढं झाल्या, एकेक दोरा चाचपत ओळ पाहिली. चेहरा उतरला.

"शालू, मला आठवूनच न्हाई राह्यलं."

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. कल्याणचा फोटो आला. अंगठा आपसूक फिरला, फोन कापला गेला आणि थांबलेला व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. त्यातली बाई मोठ्यानं हसायला लागली.

"अक्का, कल्याण होता."

"कधी?"

"आत्ता. तुम्ही कापला."

"मी?"

"रोजच कापता."

अक्का मटकन वाफ्यावर बसल्या. मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही. वर डोक्यावर ही मिरची. तपासणीत बियाण्यात भेसळ निघाली की सगळा प्लॉट नापास आणि पुढच्या वर्षी कोणतीच बियाणं कंपनी आम्हाला काम देणार नाही.

"थोड्याच चुकल्या असतील. वेचून काढू, कुणाला कळणार न्हाई," मी म्हणाले.

"कोणत्या वेचशील? बाहेरून सगळ्या सारख्याच." त्या उठल्या. "हा धर फोन. मागितला तरी देऊ नको. शिव्या दिल्या तरी बिलकुल देऊ नको."

ती ओळ आणि त्याच दिवसांत केलेल्या शेजारच्या दोन, अक्कांनी हातानं ओरबाडल्या. चांगल्या मिरच्याही त्यात गेल्या. दोऱ्यांसकट टोपली भरली, उकिरड्यावर रिकामी झाली, पुन्हा भरली. त्या रडत होत्या आणि तोडत होत्या. मी नुसती टोपली धरली.

काम उरकल्यावर हात पुढं केला. "दे गं. कल्याणला लावते."

मी दिला. पोराला लावते म्हणणाऱ्या आईला नाही कसं म्हणायचं? त्यांनी फोन उघडला आणि अंगठा नेहमीच्या जागी गेला. तीच बाई पुन्हा हसली. अक्का अंगठ्याकडे बघतच राहिल्या. मग फोन माझ्याकडे सरकवला.

"तूच लाव. अन् माझ्या कानाला धर. हातात देऊ नको."

मी लावला, कानाला धरला. "आई? आज कसा काय फोन केला?" कल्याणचा आवाज मलाही ऐकू आला.

"असाच," अक्का म्हणाल्या. "जेवला का रे?"

दोन्ही हात त्यांनी पदरात गच्च गुंडाळून घेतले होते.