आंब्याच्या वळणावरची घंटी

मी एक जुनी वाट आहे, मित्रांनो, आणि माझा श्वास कोंडला आहे. दारव्ह्याच्या दवाखान्यामागून निघून नेमसिंग नाईकाच्या तांड्यापर्यंत मी जाते. जाते म्हणायचं एवढंच. आज माझ्यावर पाऊल ठेवायला जागा नाही. छातीवर घाणेरी, पोटावर तरोटा, आणि तोंडावर बोराटीची एक वाळलेली फांदी आडवी. तेवढी फांदी कोणीतरी उचला हो!

मला कोणी मुद्दाम बांधलं नाही. तांड्यातल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखोमुलखी फिरत. त्या बैलांच्या खुरांनी मी घडले. पुढं ही मालाची लदेणी संपली, बैल नांगराला लागले, आणि मी नुसती पायवाट उरले.

छप्पन साली माझ्यावर पहिली सायकल आली. तिच्यावर दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या, सत्यशीलाबाई. नऊवारीचा काचा मारलेला, मागं कॅरियरला औषधांची पेटी. गुराखी हसले. "बाई पडते पाहा!" बाई खरंच पडल्या. उठून पदर झटकला नि म्हणाल्या, "हसा लेकहो! तुमच्या बायका अडल्या म्हणजे मीच लागते."

त्यांच्या चाकांनी काळ्या रानात माझी पांढरी रेघ उमटली. आंब्याच्या वळणावर आल्या की त्या घंटी वाजवत. ती ऐकून तांड्यातली मानीबाई चुलीवर पाणी ठेवी. बाई दारात पोचेपर्यंत पाण्याला आधण येई. जात्यावर बायका माझं गाणं म्हणू लागल्या:

*वाट बाई पांढरी, काळ्या केसांत गं भांग,*
*घंटी वाजली आंब्याशी, पाणी ठेवायला सांग.*

मला वाटलं, आता आपलं असंच चालायचं.

मग तांड्यात देवी आल्या. अंगावर फोड, घराघरांत कण्हणं. नेमसिंग नाईकानं स्वतःच्या हातानं बोराटीची फांदी तोडून माझ्यावर आडवी टाकली. ही त्यांची लदेणीच्या काळची रीत. पुढं रोगराई असली की पुढच्यानं काटा टाकायचा, म्हणजे मागचा परत फिरतो. आणि ज्यानं काटा टाकला त्यानंच तो उचलायचा, कारण धोका टळला की नाही हे त्यालाच ठाऊक.

त्याच देवीत नेमसिंग गेला.

रोग ओसरला. काटा राहिला. लोक नदीच्या वळशानं, गाडीरस्त्यानं जाऊ लागले. पावसाळा आला, तरोटा उगवला. दुसरा आला, घाणेरीनं दोन्हीकडून हात पसरले. मी ओरडत होते, पण वाटेचं ओरडणं पायांना ऐकू येतं आणि पाय तर येतच नव्हते.

मागच्या आषाढात मानीबाईची सून सुखीबाई पहिल्यांदा अडली. तिचा नवरा रामधन बैलगाडी घेऊन नर्सबाईंना आणायला गाडीरस्त्यानं गेला. गाडी चिखलात रुतली. इकडं मानीबाईनं पाणी ठेवलं. ते उकळलं, आटलं, भांडं करपलं. घंटी वाजलीच नाही. बाई पोचल्या तेव्हा मूल फडक्यात गुंडाळलेलं होतं, आणि ते रडत नव्हतं.

आता सुखीबाई पुन्हा पोटुशी राहिली. सत्यशीलाबाई रामधनला दवाखान्यात म्हणाल्या, "या वेळी वाट मोकळी करून ठेव. मी उडत येऊ का रे?"

रामधननं नाइकाच्या ओट्यावर गोष्ट काढली. नेमसिंगच्या मागं त्याचा भाऊ उत्तमसिंग नाईक झाला होता. तो म्हणाला, "ज्यानं काटा टाकला त्यानंच उचलाव. देवी पुन्हा आल्या त कोण निस्तरंल? तू?"

"मंग मी काय करू, नाईक? लेकरू पुन्हा मातीत घालू?"

एकेक जण उठून घरी गेला. कोपऱ्यात बसलेली लालीबाई, नेमसिंगची विधवा, तीही उठून गेली. त्या दिवशी मी आशा सोडली.

मित्रांनो, हे तुम्हाला सांगत होते तोच सुखीबाईला कळा सुरू झाल्या. रामधन माझ्यातूनच, काटे अंगावर घेत, दारव्ह्याकडं पळाला. मानीबाई चुलीपुढं रडत बसली. "पाणी कोणासाठी ठेवू वं? घंटी कुठून येईल?"

तेव्हा लालीबाई उठली. कमरेला विळा खोचून ती माझ्या तोंडाशी आली. उत्तमसिंग मागं धावला.

"वहिनी, हात नोका लावू! दादानं टाकला हाय तो."

"त जा, बलावून आण तुह्या दादाले," ती म्हणाली. "येत असंल त मी थांबतो."

लालीबाईनं फांदी दोन्ही हातांनी उचलली. काटे तळव्यात शिरले. ती हळूच, जणू घरात बोलावं तशी, बोलली, "नाईक, तुमी तांडा वाचवाले काटा टाकला व्हता. तांडा वाचवालेच मी काढून राह्यली. राग नोका धरू."

फांदी बाजूला पडली. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडावर ऊन आलं.

मग विळा चालू लागला. एकटी म्हातारी आणि एवढं रान! मी जीव मुठीत धरून पाहत होते. ती धापा टाकत होती, घाणेरी तिला ओरबाडत होती, आणि तांड्यातून सुखीबाईचं ओरडणं येत होतं. शेवटी उत्तमसिंगच कुऱ्हाड घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "सरका, वहिनी." त्याच्यामागं बायका आल्या, विळे आले, रिकामे हातही आले.

आंब्यापाशी पोचायच्या आधीच समोरच्या झुडपांपलीकडं घंटी वाजली. बाई तिथं अडकल्या होत्या. जीव तोडून घंटी वाजवत होत्या, आणि रामधन हातांनीच काटेरी फांद्या मोडत होता. दोन्हीकडून रान तुटलं. बाई माझ्यावरून गेल्या, घासत, धडपडत, पण गेल्या. मानीबाईनं घंटी ऐकली होती. पाण्याला आधण आलं होतं.

मग मी कान लावून पडून राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, जिवंत.

पण मित्रांनो, गवत कापलं तरी मुळं माझ्या अंगात तशीच आहेत. पहिल्या सरीला ती डोकं वर काढतील. लालीबाईचे तळवे सुजले आहेत, पुढच्या साली तिच्या हाताला विळा पेलेल की नाही कोण जाणे. माझ्यावरून जाल तेव्हा वाकून मूठभर तरोटा उपटून टाका. रीत म्हणूनच उपटा. आणि माझ्यावर कधी काटा टाकावाच लागला, तर तो उचलायचा कोणी, हे टाकतानाच चारचौघांत सांगून ठेवा.

तांड्यात आणखीही लेकी-सुना आहेत. आंब्याशी वाजलेली घंटी त्यांच्या दारापर्यंत पोचायला मी मोकळी हवी.