बाटलीतला उजेड

भर दुपारी हॉलमध्ये मिट्ट काळोख केला होता. खिडक्यांना काळे पडदे, दाराच्या फटीत कोंबलेला टॉवेल. माणसं श्वास रोखून बसली होती. उजेडबाबाने काचेची बाटली वर धरली आणि पुढे बसलेल्या बाईच्या गेलेल्या मुलाला हाक मारली. आईजवळ असशील तर उजेड दे, बाळा. बाबाच्या अंगात कंप सुटला, हात थरथरला आणि बाटलीत निळसर उजेड फुटला. ना वीज, ना ज्योत. बाई हमसून हमसून रडू लागली.

मागच्या रांगेत सर बसले होते. कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. बायको जाऊन वर्ष होत आलं, तरी संध्याकाळी स्वयंपाकघरात कुणीतरी वावरतंय असं त्यांना वाटे. मग ते दिवा न लावता तसेच बसून राहत. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांच्या मधुमेहाचं ऐकून बाबाने परस्परच त्यांच्या बायकोला विचारलं, "वहिनी, यांनी इन्शुलिन सोडलं तर तुम्ही सांभाळाल ना?"

बाटली उजळली.

घरी येऊन त्यांनी मुलीला शांतपणे सांगितलं, उद्यापासून इंजेक्शन बंद. आई सांभाळणार आहे.

मुलगी त्यांच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. ती भांडली नाही. "अप्पा, काही न विचारता बाटली हलवली तर काय होतं, ते पाहिलंत?"

सरांनी ते पाहिलं नव्हतं. त्यांच्या वर्गात प्रयोगाचं उत्तर आधीच फळ्यावर असे. मुलांचं उत्तर त्याच्याशी जुळलं की सही. जुळल्यावर पुढे विचारायचं नसतं, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. बाबाचं उत्तरही त्यांच्या मनातल्या उत्तराशी जुळलं होतं.

जीवशास्त्राच्या नव्या मॅडमनी यंदा ती रीत मोडली होती. प्रश्न मुलांनी शोधायचा, आणि उत्तर मॅडमनाही ठाऊक नसायचं. सरांनी त्याला स्टाफरूममध्ये पोरखेळ म्हटलं होतं. मुलीच्या गटाने गावभर गाजत असलेली बाबाची बाटलीच विषय म्हणून घेतली होती आणि समुद्राची मासळी आणून सगळी प्रयोगशाळा घाण वासाने भरून टाकली होती.

"उद्याचं इंजेक्शन घ्या आणि माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल तसं."

प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत तिने त्यांच्या हातात एक बाटली दिली. सरांनी हळू आवाजात विचारलं, "आहेस का गं?" हात थरथरला. बाटली उजळली. त्यांना हुंदका आवरेना.

उजेड मावळेपर्यंत मुलगी थांबली. "आता काही विचारू नका. नुसती हलवा."

बाटली तितकीच उजळली.

"आता टेबलावर ठेवा, आणि विचारा."

सरांनी विचारलं. मग बायकोला घरात ज्या नावाने हाक मारत, त्या नावाने विचारलं. बाटली काळीच राहिली. पुन्हा विचारलं. मुलीने दिवा लावला नाही, त्यांना थांबवलंही नाही.

"म्हणजे ती इथे नव्हतीच."

"नव्हती, अप्पा. मलाही वाटायचं, असावी."

मग तिने सगळं उलगडून सांगितलं. मासळी मिठाच्या पाण्यात थंड जागी ठेवली की तिच्यावर चमकणारे जिवाणू वाढतात. तेच या बाटलीत होते. त्यांना उजेड द्यायला हवा लागते. बाटली स्थिर असली की ते पाण्यातली हवा संपवतात आणि विझतात. हलवली की हवा मिसळते, उजेड येतो. बाबाचा सगळा दैवी कंप मनगटातला होता.

पुढच्या बैठकीत सर उभे राहिले. बाटली टेबलावर ठेवून विचारा, एवढंच म्हणाले. बाबा म्हणाला, संशय आला की आत्मा रुसतो, लहरी थकतात, ग्रह आडवे येतात. लोकांनीच मग ठेवायला लावली. बाबाने घसा सुकेपर्यंत हाका मारल्या. अंधार हलला नाही. सरांनी उठून बाटली नुसती खळखळवली, तर ती लख्ख उजळली. त्या उजेडात बाबा दाराकडे सरकताना सगळ्यांना दिसला.

पडदे उघडल्यावर ती बाई सरांसमोर येऊन उभी राहिली. "मग माझा मुलगा कुठाय?"

"मला माहीत नाही, ताई," सर म्हणाले. वर्गात हे वाक्य ते कधी बोलले नव्हते. "माझी बायको कुठे आहे, तेही माहीत नाही. पण माहीत आहे असं जो सांगेल, त्याला आधी करून दाखवायला लावा. आणि तोवर कुणाच्या सांगण्यावरून औषध सोडू नका."