अठरा वॅट

नऊ तारखेला सकाळी मोजणीबाईने नोंदवहीत लिहिलं: पहाटे ३.४५ नंतर ७.४५ पर्यंत नोंद नाही. महिन्यातला हा दुसरा खंड. तिसरा पडला की केंद्र बंद, असं मुख्य कार्यालयाचं पत्र भिंतीवर लावलेलं होतं.

केंद्र म्हणजे नदीकाठच्या दोन खोल्या, छपरावर एक सोलर पॅनल, आत एक बॅटरी आणि टेबलाखाली वर्षभरापूर्वी कार्यालयाने पाठवलेला काँप्युटर. नदीतलं यंत्र दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी सांगायचं, काँप्युटर ती लिहून पुढे पाठवायचा. पाणी चढू लागलं की खालच्या सखल वस्तीला सहा तास आधी कळायचं, ते या आकड्यांवरून. काँप्युटर येण्याआधी शाईचा काटा कागदी रोलवर रेघ ओढत असे. त्या अकरा वर्षांत एकही खंड नव्हता.

बाईने कार्यालयातल्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला.

"साहेब, ढगाळ दिवस गेला की बॅटरी सकाळपर्यंत पुरत नाही. काँप्युटर फार खातो."

"खाईल कसा? चांगला पाचशे वॅटचा पॉवर सप्लाय दिलाय. इतर ठिकाणी एवढाही नसतो."

"मला ताकद नकोय, साहेब. बॅटरी पुरायला हवी."

"पॅनल पुसत जा रोज."

"रोजच पुसते. कितीही पुसलं तरी ते अंधारात चालत नाही."

"हे बघा, काँप्युटरच्या कॅबिनेटला सील आहे. हात लावायचा नाही. जमत नसेल तर तसं कळवा, केंद्र बंद करू. इथे नक्कलविभागात जागा आहे तुमच्यासाठी."

बाईने फोन ठेवला आणि मीटर काढलं. बॅटरीतून शेहेचाळीस वॅट जात होते. काँप्युटरची वायर काढली, नुसता इन्व्हर्टर चालू ठेवला, तरी बारा. म्हणजे काँप्युटरचे चौतीस. ढगाळ दिवशी बॅटरी पूर्ण भरत नसे; तिच्यातून निम्म्याहून जास्त काढायचं नाही हा नियम धरला, तर अशा रात्री वापरायला साडेचारशे वॅट-तास उरत होते. शेहेचाळीसने भागले तर जेमतेम पावणेदहा तास. संध्याकाळी सहाला पॅनल थांबायचं, पहाटे पावणेचारला सगळं गप्प व्हायचं. हिशेब मिनिटांपर्यंत जुळत होता. तिने तो कागदावर मांडला, घडी घातली आणि साडेनऊची बस पकडली.

ताईचं काँप्युटर दुरुस्तीचं दुकान बसथांब्यासमोरच होतं. ती बाईपेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

"आलीस? नदी कुणावर सोडून आलीस?"

"नदीवरच. ताई, हा कागद बघ."

ताईने चष्मा कपाळावरून खाली ओढला. वाचता वाचता तिची मान हलू लागली.

"तुझ्या मशीनला आतून खरं लागतं किती? डिस्क नाही, पंखा नाही, एक बोर्ड. सोळा-सतरा वॅट. त्याला पाचशेचा सप्लाय! एक कप चहासाठी बंब पेटवलाय तुझ्या साहेबांनी."

"मग चांगल्यातला दे. तो वीज वाचवणारा, सोनेरी शिक्क्याचा असतो ना?"

"शिक्का डोंबलाचा! त्या शिक्क्याची परीक्षा वीस टक्के भारापासून पुढे घेतात. तू चालवणार तीन टक्क्यांवर. तिथे सोनं काय नि पितळ काय." ताई खुर्चीतून उठली. "आणि मुळात तू बॅटरीतले बारा व्होल्ट काढतेस, इन्व्हर्टरमध्ये दोनशे तीस करतेस, आणि कॅबिनेटमध्ये परत बारा करतेस. द्राविडी प्राणायाम नुसता. दर फेरीला हमाली द्यावी लागते."

"सरळ बॅटरीलाच जोडता येतं?"

"येतं. म्हणून तर तू माझी बहीण." तिने खणातून सप्लायच्या जागी बसणारी तळहाताएवढी पट्टी काढून काउंटरवर ठेवली. बाईने लगेच हात पुढे केला, तशी ताईने पट्टीवर पंजा ठेवला. "थांब, उतावळे. ही नाही, ही फक्त दाखवायला. हिला बरोब्बर बारा व्होल्ट लागतात. तुझी बॅटरी ऊन लागलं की साडेचौदापर्यंत चढते. त्या दिवशी ही पट्टीही जाईल आणि मागोमाग तुझं केंद्रही." दुसऱ्या खणातून तिने तशीच दिसणारी, थोडी जाड पट्टी काढली. "ही सहापासून तीसपर्यंत काहीही चालवून घेते. माझ्यासारखी."

"तू कधी काय चालवून घेतलंस?"

"तुला, चाळीस वर्षं." ताईने वायरीत फ्यूज बसवून दिला. मग आवाज खाली आणला. "सील फोडावं लागेल हं. नोकरीवर येईल."

"केंद्र बंद झालं तर नोकरीला करायचंय काय? नकला काढू?"

"मी नको म्हटलं असतं तर तू थांबली असतीस का?"

"नाही."

"मग विचारते कशाला मी," ताई म्हणाली आणि पट्टी कागदात गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी बाईने अकराची नोंद होऊ दिली. पुढची सव्वाअकराला, मध्ये चौदा मिनिटं हातात. ११.०१ ला काँप्युटर बंद केला. सील ब्लेडने अलगद न काढता सरळ मधोमध कापलं. चोरून केल्यासारखं दिसायला नको होतं. जुना सप्लाय चार स्क्रूंवर होता. तीन निघाले, चौथा फिरेना. ११.०६. तिने पक्कड लावली, पूर्ण वजन टाकलं, स्क्रू करकरला आणि सुटला. जुन्या सप्लायचं धूड जमिनीवर ठेवलं. पट्टी बोर्डवर बसली, वायरी बॅटरीवर. लाल कुठे, काळी कुठे, दोनदा पाहिलं. ११.१० ला बटण दाबलं. ११.१३ ला पडद्यावर नोंदींची यादी आली. सव्वाअकराची ओळ वेळेवर उमटली.

तिने पडदा आणि इन्व्हर्टर बंद केले. पडद्याला विजेची गरज होती ती फक्त बघताना. मीटर लावलं. अठरा.

मग नोंदवही उघडली आणि तारखेसमोर लिहिलं: "कॅबिनेटचे सील मी फोडले. पॉवर सप्लाय बदलला. आधी ४६ वॅट, आता १८." खाली सही केली.

सव्वीस तारखेला साहेब जीपने आले. दहाच्या सुमारास, आभाळ भरलेलं. बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा त्यांच्या पिशवीत होता, फक्त तिसऱ्या खंडाची तारीख भरायची बाकी. त्यांनी नोंदवही पानापानाने पाहिली. तारीख सापडली नाही. सही सापडली.

"हे काय आहे?"

"लिहिलंय तेच."

"सरकारी सील फोडता आणि वर लिहून ठेवता?"

"न लिहिता फोडलं असतं तर चाललं असतं का?"

"आत्ताच्या आत्ता जुना सप्लाय बसवा."

बाईने कपाटातून तो काढला, टेबलावर ठेवला, शेजारी पेचकस ठेवला. "तसं लिहून द्या. बसवते."

"मी तोंडी सांगतोय."

"तोंडी आदेशावर नदी मोजत नाही मी. किंवा तुम्हीच बसवा, साहेब. चौदा मिनिटं मिळतील. मी वेळ लिहिते, आज रात्रीची बॅटरी किती वाजता संपली तेही लिहिते, आणि तुमचं नावही."

साहेबांनी पेचकसाकडे पाहिलं, मग खिडकीतून आभाळाकडे. "फार माज आलाय," एवढं म्हणाले आणि जीपकडे गेले. मसुदा पिशवीतच राहिला.

महिना संपला. तिसरा खंड पडला नाही, म्हणून केंद्र बंद करता आलं नाही. सील फोडल्याबद्दल मात्र ताकीद आली आणि सेवापुस्तकात चढली. बाईने पोच दिली, एक प्रत मागून घेतली.

पुढल्या महिन्याच्या पाच तारखेला टेंपो आला. चालकाने खोकं उतरवलं: नवा काँप्युटर, नवं सील, बाजूला मोठ्या अक्षरात पाचशे वॅट.

"बाई, इथे सही."

तिने चलन हातात घेतलं, सहीच्या जागेवर लिहिलं, "नाकारला. केंद्राला अठरा वॅट पुरतात," आणि खाली नाव, हुद्दा, वेळ.

चालक गोंधळला. "परत नेऊ? तिकडे ओरडतील मला."

"तुम्हाला नाही ओरडणार. नाव माझं आहे. नीट वाचता येतंय ना, तेवढं बघा."

त्याने चलन उजेडात धरून वाचलं. "येतंय."

"मग न्या," बाई म्हणाली आणि खोक्याचं एक टोक उचलायला वाकली.