येसरात कापूर

मित्रांनो, मी गारखेड्यातलं एक जुनं कापराचं झाड आहे. हे सांगतानाही मान खाली जाते, कारण बारा वर्षं मी तमालपत्र म्हणवून घेत पाणी प्यालो.

पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी कारभारींनी मला शहरातून आणलं. विकणाऱ्यानं तमालपत्राचं रोप म्हणूनच दिलं होतं. त्यांच्या बायकोनं, आवडाबाईनं, मला न्हाणीच्या पाण्यावर लावलं. धान्य, डाळी आणि मसाला भाजून कुटलेला तिच्या हातचा येसर गावात नावाजलेला. कुणाचं लग्न निघालं, की आमटीच्या येसरासाठी तिलाच बोलावणं यायचं.

तिनं बोलून ठेवलं होतं, की माझी पहिली पानं लेकीच्या, द्वारकाच्या, लग्नातल्या येसरात पडतील आणि त्या आमटीचा नैवेद्य आधी खंडोबाला जाईल. देवाच्या जिनसाचा वास घ्यायचा नाही, तो उष्टा होतो, अशी त्या घराची रीत. त्यामुळं बारा वर्षांत माझं एक पान कुणी चुरगळून नाकाला लावलं नाही. शेळीनं तेवढं एकदा तोंड लावलं आणि फुरफुरत मागं सरली. बायका मात्र ‘आवडाबाईचं मसाल्याचं झाड’ म्हणून कौतुक करायच्या, आणि मी मेला फुगून जायचो!

लग्न आलं. पाटीभर पानं खुडून वाळवली. मिरच्यांचा ठसका लागू नये म्हणून भाजताना सगळ्यांनी नाकाला पदर लावलेला. नैवेद्याआधी आमटी चाखायची तर सोयच नव्हती.

पंगत बसली. पहिला घास घेऊन नवरदेवाचे चुलते रामकिसन थांबले. म्हणाले, “विहीणबाई, आमटीला आरतीचा वास येतोय.”

पंगत हसली. कुणी ताट सरकवलं. द्वारकानं मान वर केली नाही. आवडाबाई मांडवाचा खांब धरून उभी राहिली. जमिनीत तोंड लपवावं म्हटलं, तर माझी मुळं आधीच तिथं होती. त्या दिवसानंतर येसरासाठी तिला कुणीही बोलावलं नाही. द्वारकाला सासरी कितीतरी वर्षं ‘कापराची’ म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी कारभारी कुऱ्हाड घेऊन आले. आवडाबाई आडवी आली. तिनं माझं एक पान खुडलं, चुरगळलं आणि पहिल्यांदा हुंगलं.

“ह्यानं कुठं सांगितलं व्हतं, मी तमालपत्र हाय म्हणून? नाव आपणच ठिवलं. ऱ्हाऊ द्या त्याला.”

संध्याकाळी तिनं रोजच्यासारखी बादली ओतली. शिव्या दिल्या असत्या तर सोसवलं असतं. पुढं बाहत्तरच्या दुष्काळात प्यायच्या पाण्याची मारामार होती, तेव्हाही भांड्यांचं धुवण माझ्याच बुंध्याशी यायचं. मला ते गिळवत नव्हतं, पण प्यालो.

आता ती नाही. मित्रांनो, झाड लावाल तेव्हा त्याचं पान आधी हुंगून बघा, देव रागवत नाही. आणि नाव चुकलंच आपलं, तर त्याचं पाणी तोडू नका. आवडाबाईनं माझं तोडलं नाही. म्हणून मी अजून हिरवा आहे, आणि माझी लाजही.