साडेनऊ फुटांचा नमुना

गाद्यांच्या कारखान्यात काकूंना सगळे काकूच म्हणत, त्यांच्याहून सात वर्षांनी मोठा असलेला कटिंग मास्तरसुद्धा. काकू मूळच्या शिलाई खात्यातल्या. लेबलं छापणारा कॉम्प्युटर एकदा रुसून बसला, तेव्हा तो दुरुस्त करणाऱ्याच्या खांद्यावरून त्यांनी डोकावून पाहिलं आणि मनात म्हणाल्या, एवढंच होय. त्या ‘एवढंच होय’च्या जोरावर अकरा वर्षांत त्या शिलाईच्या स्टुलावरून उठून कॉम्प्युटर खात्याच्या खुर्चीत येऊन बसल्या. खातं म्हणजे दोन माणसं आणि एक पंखा. दुसरं माणूस म्हणजे पोस्टमास्तर.

पोस्टमास्तर हे टोपणनाव. ते पडलं त्याला कारण होतं. कारखान्यातली यंत्रं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. कटिंगचं यंत्र काम संपलं की ‘कापून झालं’ एवढा निरोप सोडतं आणि पुढच्या गादीला लागतं. तो निरोप ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोचवायचा, हे काम मधला एक प्रोग्राम करतो. त्याला म्हणायचं मेसेज ब्रोकर. कारखान्यात असे दोन होते, एक जुना आणि एक नवा. एका घरात दोन जावा आणि चुली वेगळ्या, तसं त्यांचं चालायचं. कटिंग आणि शिलाई जुन्याचं ऐकत, गाड्या आणि तक्रारीचं टेबल नव्याचं. दोघांचं दुखलंखुपलं बघायचे पोस्टमास्तर. दिवसाला लाखभर निरोप त्यांच्या हाताखालून जात, त्यामुळेच की काय, स्वतः मात्र ते दहाबारा शब्दांत दिवस काढत.

तर मालकीणबाईंना सोमवारी अख्ख्या कारखान्याचं मॉडेल बघायचं होतं. काय घडलं की पुढे काय घडतं, ते सगळं एका चित्रात. काकू तीन आठवडे ते चित्र काढत होत्या. ‘ऑर्डर आली’पासून ‘तक्रार आली’ आणि ‘माफी मागितली’पर्यंत चौदा घटना, चौदा चौकोन, मधे बाण. बाण सुरेख होते, पण हवेत लटकत होते. कुठला बाण कुठल्या ब्रोकरमधून जातो, ती जोडणी राहिली होती.

चित्र काढायचा प्रोग्राम मोठा चिकित्सक निघाला. प्रत्येक घटनेसाठी एक नमुना भरा म्हणे. ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, माप, कडकपणा, शेरा. मनानेच रचलेला पत्ता टाकला की तो लालबुंद व्हायचा. खरा पत्ता हवा. आणि काकूंना पाठ असलेले पत्ते दोनच, एक स्वतःचा आणि एक वन्संचा.

वन्सं म्हणजे काकूंच्या यजमानांची थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी सगळ्या घराचा मिळून एक फोटो निघाला. वन्संनी तो मोठा करून घेतला, पण चौकट आणली ती लहान. फोटो बसेना, तेव्हा त्यांनी कात्री घेऊन उजवी कड कापली. उजव्या कडेला काकू उभ्या होत्या. भिंतीवर फोटो लागला त्यात काकूंचं कोपर तेवढं उरलं.

“माणसं मोजून चौकट आणतात,” काकू म्हणाल्या होत्या, “चौकट बघून माणसं कापत नाहीत.”

“कोपर आहे की,” वन्सं म्हणाल्या होत्या.

झालं. दोघी तेव्हापासून बोलत नव्हत्या. यजमान दर शनिवारी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून बहिणीकडे जात, आणि ते कुठे मोकळे होतात हे ठाऊक असून काकू ‘या’ म्हणत. अशी तीन वर्षं गेल्यावर, भावाने दीड महिना कानीकपाळी ओरडून, वन्सं या रविवारी काकूंकडे चहाला यायला तयार झाल्या होत्या. काकूंनी वरून ‘येऊ देत की’ म्हटलं, आणि आतून कपांचे कान तपासले. कारण खरं सांगायचं तर त्यांना वन्संची आठवण यायची. भांडायला इतकं तयारीचं माणूस दुसरं सापडलं नव्हतं.

पण नमुने भरले गेले होते तीन आठवड्यांपूर्वी, रविवारचं काही ठरायच्या आधी, डोकं तापलेलं असताना. ग्राहक: वन्सं. माप: साडेनऊ फूट लांब, दीड फूट रुंद. कडकपणा: सगळ्यात वरचा. शेरा: लांबी ग्राहकाच्या जिभेच्या मापाने, कडकपणा स्वभावाप्रमाणे. ‘तक्रार आली’च्या चौकोनात, तक्रारीचं स्वरूप: सगळंच. भरून काकू एकट्याच हसल्या आणि विसरून गेल्या.

गुरुवारी दुपारी त्यांनी पोस्टमास्तरांकडे दोन्ही ब्रोकरचे पत्ते आणि पासवर्ड मागितले. पोस्टमास्तरांनी चिठ्ठीवर लिहून दिले. काकूंनी ते मॉडेलमध्ये भरले, एकेक बाण ओढून ज्याच्या त्याच्या ब्रोकरला बांधला, आणि ‘जोडणी तपासा’ असं बटण होतं ते दाबलं. चौदाच्या चौदा चौकोन हिरवे झाले. एका सेकंदात. काकूंना इतकं बरं वाटलं की त्यांनी पोस्टमास्तरांना आपल्या डब्यातलं अर्धं दिलं.

शुक्रवारी अकराच्या सुमारास कटिंग मास्तर हात पुसत आत आला.

“काकू, ती लांबडी गादी कुठल्या प्राण्यासाठी होती?”

“कुठली लांबडी?”

“काल कापली ती. साडेनऊ बाय दीड. आमच्यात पैज लागलीय. शिलाईवाल्या म्हणतात मगर, मी म्हणतो जिराफ, पण जिराफ आडवा होतो का ते माहीत नाही.”

काकू पोस्टमास्तरांकडे वळल्या. “तपासणीत नमुने पाठवतो हा प्रोग्राम?”

“हो.”

“खरेखुरे?”

“ब्रोकर खरा, तर निरोप खरा.”

“मग खोटा ब्रोकरपण असतो का?”

“असतो. सरावाचा.”

“तो का नाही दिलात?”

“मागितला नाहीत,” पोस्टमास्तर म्हणाले. त्यांचे आजचे शब्द संपत आले होते.

काकूंनी डोक्याला हात लावला. एका सेकंदात चौदा निरोप गेले होते. कारखान्याच्या दृष्टीने वन्संनी गादी मागवली, ती कापली, शिवली, निघाली, पोचली, वन्संना ती आवडली नाही, त्यांनी तक्रार केली आणि कारखान्याने माफीही मागितली. हे सगळं फोम कापायच्या आधी.

“परत बोलवा ते निरोप.”

“गेलेला निरोप परत येत नाही. झालं ते झालं. वर नवा टाका.”

काकूंनी मॉडेलमध्ये पंधरावा चौकोन काढला, ‘ऑर्डर रद्द’, तो दोन्ही ब्रोकरना जोडला आणि पाठवला. चौकोन हिरवा झाला.

“पोचला?”

पोस्टमास्तरांनी पडद्यावर बघितलं. “व्यवस्थित पोचला. ऐकत कोणी नाहीये.”

“म्हणजे?”

“‘रद्द’ ऐकायचं कुणाला सांगितलेलंच नाही. आपल्याकडे रद्द होत नाही, असं मालकीणबाई म्हणतात.”

काकू उठल्या आणि पायीच निघाल्या. शिलाईत कळलं, गादी सकाळीच शिवून झाली. पॅकिंगमध्ये कळलं, लेबल लागलं, शेरा ठळक अक्षरात आलाय आणि सगळ्यांनी वाचलाय. गाड्यांपाशी कळलं, ट्रक अर्ध्या तासापूर्वी गेला, आणि ड्रायव्हर गाडी चालवताना फोन घेत नाही. कारखान्याने त्याला त्याबद्दल बक्षीस दिलं होतं. बक्षिसाचा कप काकूंनीच निवडला होता.

स्कूटर काढायला जाताना वाटेत तक्रारीच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना थांबवलं. या बाईंचा आवाज इतका मऊ की माणूस तक्रार करता करता पेंगायचा.

“काकू, हे कुठल्या खात्यात घालू? कालच्या त्या ग्राहक. मी फोन केला, म्हटलं तुमची तक्रार मिळाली. त्या म्हणाल्या, कुठली? मी म्हटलं, ‘सगळंच’ असं लिहिलंय. मग चाळीस मिनिटं बोलल्या. पाण्याचा नळ, गुडघा, शेजाऱ्यांचा पोपट, सगळं उतरवून घेतलं मी. पण शेवटची तक्रार बसत नाहीये कुठेच.”

काकूंनी कागद घेतला. मऊ आवाजाच्या बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘भावजय तीन वर्षं घरी आलेली नाही. हे वॉरंटीत येतं का, अशी चौकशी केली.’

काकूंनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि स्कूटरला किक मारली. आत्तापर्यंत त्या स्वतःची लाज वाचवायला निघाल्या होत्या. आता प्रकरण वाढलं होतं. ते लेबल वन्संच्या हातात पडलं तर रविवार बुडालाच, आणि पुढचे सगळे वारही.

वन्सं तिसऱ्या मजल्यावर राहत, लिफ्ट नव्हती. काकू धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर पोचल्या, तर वर जिन्याच्या वळणावर गादी आडवीतिडवी अडकलेली आणि खालच्या टोकाला खांदा लावून ड्रायव्हर घामाघूम.

“वाकवा की जरा.”

“वाकत नाही हो. दार आणलंय की गादी, कळेना.”

“लेबल कुठंय?”

“वरच्या टोकाला. त्या बाई बघतायत बहुतेक.”

काकूंनी पदर खोचला. गादी आणि पायऱ्या यांच्यामधे एक फट होती. शिलाईच्या टेबलांखाली पडलेल्या सुया वेचत काकूंनी निम्मी नोकरी काढली होती, तो सराव कामी आला. त्या खाली वाकल्या आणि रांगत आत शिरल्या. त्यांच्या पाठीने गादी उचलली गेली, मग धप्पकन खाली बसली आणि भिंत आणि कठडा यांच्यात अशी घट्ट रुतली की ड्रायव्हर खाली म्हणाला, “संपलं. आता करवत आणावी लागणार.”

भावजय तीन वर्षांनी नणंदेच्या दारी आली ती अशी, चार पायांवर आणि केसात फोमचा भुगा घेऊन. समोर वन्संच्या चपला. वर वन्सं, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात लेबलाची दोरी.

“वन्सं, ते वाचू नका.”

“‘लांबी ग्राहकाच्या जिभेच्या मापाने,’” वन्संनी सावकाश, मोठ्यांदा वाचलं. “‘कडकपणा स्वभावाप्रमाणे.’”

“कडकपणा बरोबर आहे बाई,” खालून ड्रायव्हर म्हणाला.

“तुला विचारलंय?” वन्सं त्याला म्हणाल्या, आणि मग काकूंना, “कुणी लिहिलं हे?”

वाटेत काकूंनी तीन सबबी तयार केल्या होत्या. कॉम्प्युटर बिघडला, दुसऱ्या कुणाचं लेबल इथे लागलं, नाव सारखं असेल. तिन्ही ओठापर्यंत आल्या आणि तिथेच बसल्या.

“मी. रागात. तो नुसता नमुना होता, वन्सं, खरा होऊन यायचा नव्हता.”

“नमुन्याला बरं माझंच नाव सापडलं.”

“खरा पत्ता लागतो त्याला. मला दुसऱ्या कुणाचा पाठ नाही.”

वन्संनी गादी बोटाने दाबून पाहिली. बोटच दुखलं असावं, कारण त्यांनी ते झटकलं.

“काल मोबाईलवर माफी आली,” त्या म्हणाल्या. “‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.’ खाली कारखान्याचं नाव. मी म्हटलं, सुचलं एकदाचं बाईला. स्वतःच्या नावाने पाठवायला लाजली असेल, म्हणून ऑफिसातून पाठवली.”

काकू पायरीवर बसल्या. आता फक्त मान हलवायची होती. हो वन्सं, लाजले होते. रविवार वाचला असता.

“ती मी नाही पाठवली,” काकू म्हणाल्या. “आपोआप गेली. तक्रार आली की जाते.”

“असं होय.”

“हो.”

“मग आता तोंडाने माग.”

“चुकलं माझं. त्या शेऱ्याचं.”

“बरं.”

“फोटोचं मात्र तुमचं.”

वन्संनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “चौकट लहान होती,” त्या म्हणाल्या, आणि मग भिंतीकडे बघत, “दुकानात मोठी होती. मला कंटाळा आला परत जायचा.”

तीन वर्षांत वन्संनी कुणापुढे एवढी माघार घेतली नव्हती, हे काकूंना कळलं. वन्संही शेजारच्या पायरीवर टेकल्या, गुडघ्याला शिव्या देत.

“बाई,” खालून ड्रायव्हर म्हणाला, “माझ्या मशीनमध्ये काहीतरी दाबावं लागतं. ‘मिळाली’ दाबू की ‘परत’?”

“मिळाली कुठे, अडकलीय,” वन्सं म्हणाल्या.

“‘अडकली’ असं बटण नाही.”

“यांच्या कारखान्यात ‘रद्द’ नाही, ‘अडकली’ नाही, माणसाने करायचं काय? आणि ऐक गं, रविवारी मी काही येत नाही.”

“वन्सं, आत्ताच तर...”

“रविवारी तुझा नवरा घरी असतो. दर शनिवारी इथे येऊन तुझं मला सांगतो, तिथे जाऊन माझं तुला सांगतो, आणि दोन्हीकडचं अर्धं वाटेत सांडतो. तो समोर असला की बोलता येत नाही. सोमवारी येईन. त्या दिवशी तो रात्रीपर्यंत कामावर असतो.”

“सोमवारी दुपारी मालकीणबाईंना मॉडेल दाखवायचंय.”

“कशाचं मॉडेल?”

“कुणी काय बोललं की ते कुणी ऐकायचं, त्याचं.”

“मग ते आधी नीट कर. संध्याकाळी ये मला न्यायला. स्कूटर हळू चालव, आणि वाटेत चार गोष्टी सांगायच्यात मला, त्या पोपटाबद्दल.”

“बाई, काय दाबू?” ड्रायव्हरने खालून विचारलं.

“थांब रे जरा,” वन्सं म्हणाल्या, “आमचं अजून ठरतंय.”